स्मशानवैराग्य

२२ मार्च २०२० या दिवशीं संध्याकाळीं पांच वाजतां आमच्या आळींत सर्वांत मोठ्यानें थाळी कोणीं वाजविली, असा वाद निघाल्यास तो मान बहुधा मलाच मिळेल. घरांतली मोठी पितळी परात आणि वरण वाढण्याचा डाव घेऊन मी गॅलरींत उभा राहिलों होतों. वहिनींनीं देवघरांतली घंटा आणली होती. दादा नाटकाला गेले तरी टाळी वाजवीत नाहींत. पण त्या दिवशीं तेहि टाळ्या वाजवीत होते. डॉक्टर, परिचारिका, झाडूवाले, आमच्याकरितां ज्यांनीं ज्यांनीं जीव धोक्यांत घातला त्या सर्वांविषयींची कृतज्ञता आमच्या घरच्या तिन्ही पिढ्यांच्या हातांतून नुसती ओसंडत होती. परातीला त्या दिवशीं पडलेला पोंचा अजून तसाच आहे.

त्यानंतर जें घडलें तें सांगण्यापूर्वीं माझें त्या वेळचें मत सांगितलें पाहिजे. स्मशानवैराग्य हा आपल्या भाषेंतला मोठा नेमका शब्द आहे. चितेसमोर बसलेल्या माणसाला घटकाभर सारा संसार फोल वाटतो; मग तो घरीं येतो, आंघोळ करतो, गरम चहा पोटांत जातो, आणि विजेचें बिल भरण्याची आजच शेवटची तारीख आहे हें त्याला आठवतें. साथीच्या दिवसांत तरुण मुलें जे संकल्प सोडतात त्यांचीहि हीच गत होणार, असें मी म्हणत असें. रुग्णसेवेच्या शिक्षणाकडे मुलांचा ओढा वाढला आहे, असे लेख वर्तमानपत्रांत येऊं लागले तेव्हां मीं ते कात्रीनें कापून ठेवले; पुढें केव्हां तरी खोटे ठरवावयाला उपयोगीं पडतील म्हणून.

आणि कांहीं अंशीं ते खोटे ठरलेहि. ब्रिटनमध्यें २०२१ च्या आरंभीं परिचर्येच्या पदवीसाठीं अर्ज करणारांची संख्या एका वर्षांत ३२ टक्क्यांनीं वाढून ६० हजारांवर गेली. पुढच्या तीन वर्षांत ती लाट ओसरली आणि आंकडा साथीपूर्वीं होता त्याच्याहि खालीं उतरला. अमेरिकेंत वैद्यकीय महाविद्यालयांकडे येणारे अर्जदार २०२१ सालीं सुमारें १८ टक्क्यांनीं वाढले; तिकडच्या लोकांनीं त्या वाढीला डॉ. अँथनी फाउची यांचें नांवहि देऊन टाकलें. पुढच्याच वर्षीं अर्जदार ११ टक्क्यांहून अधिक घटले. आपल्याकडे मात्र असें झालें नाहीं. नीट परीक्षेसाठीं २०२० सालीं सुमारें १६ लक्ष विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं होतीं. २०२४ सालीं २४ लक्षांनीं नोंदविलीं. पण हें सर्व साथीचें पुण्य म्हणतां यावयाचें नाहीं. दरम्यान महाविद्यालयांतल्या जागा वाढल्या, शिकवण्यांचे कारखाने वाढले, आणि मुलगा डॉक्टर व्हावा ही आईबापांची इच्छा तर कोणत्याहि साथीपेक्षां जुनी आहे. चौतीस वर्षें मीं शाळेंत मराठी शिकविलें. 'मी कोण होणार?' हा निबंध दर वर्षीं असे. प्रत्येक वर्गांत दहाबारा डॉक्टर, सातआठ इंजिनिअर आणि एखादा वैमानिक निघे. मी परिचारिका होणार, असें लिहिलेली एकहि वही माझ्या हाताखालून गेल्याचें मला स्मरत नाहीं. डॉक्टरांच्या सर्व निबंधांत गोरगरिबांची मोफत सेवा करण्याचें वाक्य मात्र हटकून असे. कारण तें मीच सांगून ठेवलेलें होतें.

साथ आली तेव्हां आमच्या घरांत परीक्षेच्या उंबरठ्यावर दोन मुलें होतीं. दोन्ही दादांचीं नातवंडें. थोरला बारावीला होता. १३ सप्टेंबर २०२० रोजीं, दोनदां पुढें ढकलली गेलेली नीट परीक्षा तो तोंडाला मुखपट्टी बांधून देऊन आला आणि एका सरकारी महाविद्यालयांत त्याला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाचें बरेंचसें शरीरशास्त्र तो घरीं बसून मोबाइलच्या पडद्यावर शिकला. वरच्या वर्गांतल्या कोणा मुलाकडून त्यानें हाडांची पेटी मागून आणली, तेव्हां वहिनींनीं ती घरांत घेऊं दिली नाहीं. ती बापडी पेटी पावसाळाभर गॅलरींत प्लास्टिकखालीं राहिली. पण हा विरोध कौतुकाचाच होता. घरांत डॉक्टर होणार म्हटल्यावर हाडांचा विटाळ कितीसा टिकणार?

समोरच्या इमारतींतल्या एका मुलाची कथा निराळी झाली. त्याचे वडील आमच्याच भागांत दवाखाना चालवीत. साथीच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांनीं तो एक दिवस बंद ठेवला नाहीं, आणि सातव्या महिन्यांत ते गेले. देशांत असे शेंकडों डॉक्टर गेले. मुलाचे गुण उत्तम होते, वैद्यकाला जाणार हें लहानपणापासून ठरलेलें होतें. तो वाणिज्य शाखेला गेला. लोक दबक्या आवाजांत बोलले. मला त्या बोलणारांचा राग आला होता. बापाचा कोट अंगावर घेण्याचें ओझें काय असतें हें त्याचें त्यालाच ठाऊक.

आतां धाकटीकडे येतों. कारण ही हकीकत तिची आहे. २०२० सालीं ती दहावींत होती. तिचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हावयाचा, तो आधीं लांबणीवर पडला आणि मग रद्दच झाला. इतर विषयांच्या सरासरीनें सर्व मुलांना भूगोलाचे गुण देण्यांत आले. "अण्णा, एक अक्षर न लिहितां मला भूगोल आला," असें ती हंसून सांगे. हुशार, पण अबोल मुलगी. हिच्या मनांत कांहीं शिजत असेल अशी शंका कोणालाच आली नाहीं.

२०२१ च्या एप्रिलमध्यें दुसऱ्या लाटेनें पुणें वेढलें, आणि त्या लाटेंत वहिनी सांपडल्या. त्यांच्यासाठीं खाट मिळवितांना आमची जी धांवाधांव झाली ती त्या महिन्यांत प्रत्येक घराची झाली. तिची पुनरुक्ति करीत नाहीं. वहिनी अकरा दिवस रुग्णालयांत होत्या. आम्हांपैकीं कोणालाहि आंत जाण्याची परवानगी नव्हती. रोज संध्याकाळीं सहाच्या सुमारास तेथील परिचारिका आपल्या वेळांतून पांच मिनिटें काढून व्हिडिओ कॉल लावी. नखशिखांत पांढऱ्या पोशाखांत गुंडाळलेली ती बाई कशी दिसते हें आम्हांला शेवटपर्यंत कळलें नाहीं. ती केरळची होती. "आजी आज अर्धा पोळी खाल्ला, चहा घेतली," असें ती सांगे. मराठींतल्या लिंगविचाराचा तिनें पार निकाल लावला होता. पण माझ्या सबंध आयुष्यांत कोणाचें अशुद्ध मराठी मला इतकें गोड लागलेलें नाहीं.

तो कॉल घेण्याचें काम धाकटीकडे असे, कारण मोबाइल तिलाच नीट येई. सातव्या दिवशीं कॉल आला तेव्हां वहिनींचा श्वास वर लागलेला होता. परिचारिकेनें मोबाइल कशाला तरी टेंकून उभा केला आणि ती तो बंद करावयास विसरली. डॉक्टर दुसऱ्या कक्षांत होते. त्यांच्याशीं तिचें फोनवर दोन वाक्यें बोलणें झालें. मग तिनें आणि आणखी एका मुलीनें मिळून वहिनींना सांवकाश पालथें केलें. छातीखालीं उशी, पोटाखालीं उशी, मान एका बाजूला, नळ्या कोठें अडकणार नाहींत अशा. माणूस पालथें झोपलें म्हणजे फुफ्फुसांचा पाठीकडचा दबलेला भाग मोकळा होतो आणि रक्ताला प्राणवायु अधिक मिळतो, हें आम्हांला मागाहून कळलें. त्या वेळीं आम्ही मागच्या खोलींत जाऊन देवाचा धांवा करीत होतों. धाकटी मात्र जागची हलली नाहीं. पडद्याच्या कोंपऱ्यांत यंत्रावरचा आंकडा दिसत होता. तो ८६ होता. वीस मिनिटांनीं तो ९१ झाला. ती परिचारिका तोंवर वहिनींच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

वहिनी बऱ्या होऊन घरीं आल्या. आम्हीं त्या रुग्णालयांत पेढ्यांचे पुडे पाठविले, डॉक्टरांच्या नांवानें.

२०२२ सालीं धाकटी बारावी झाली. चांगले गुण पडले. जेवणाच्या वेळीं, सर्व मंडळी पानावर असतांना, मी परिचर्येच्या पदवीला अर्ज करणार आहें, असें तिनें सांगून टाकलें. चार वर्षांचा अभ्यासक्रम, नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाची पदवी, सगळी माहिती तिनें मिळविलेली होती. पहिल्यांदां कोणीं गंभीरपणें घेतलेंच नाहीं. मग तिच्या वडिलांनीं डॉक्टरकीचें पुन्हां एक वर्ष प्रयत्न करून पाहण्याविषयीं सुचविलें. औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार, दंतवैद्यक, एकएक पर्याय वाढप्यानें पुढें करावा तसा पुढें आला. तिनें सगळ्यांना मानेनेंच नकार दिला.

शेवटीं वहिनी बोलल्या. "अगं, लोकांचीं मुताचीं भांडीं उचलणार तूं? आपल्या घरांतली मुलगी?"

"आजी, तुझं तिथं कोणीं उचललं?"

त्यावर पानांवर कोणी बोललें नाहीं. ताक न घेतांच दादा उठले. मग मला वडीलकीच्या नात्यानें बोलणें प्राप्त झालें, आणि मीं तिला माझें स्मशानवैराग्याचें प्रवचन ऐकविलें. ब्रिटनची ताजी लाट, अमेरिकेचे आंकडे, सर्व कात्रणें तिच्यापुढें मांडलीं. दुःखाच्या आणि भीतीच्या भरांत घेतलेला निर्णय आयुष्यभर पुरत नाहीं, असें बजावलें. तिनें तें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "मला भीती वाटली नव्हती, अण्णा. तो आंकडा वर चढतांना पाहिला, तेव्हां हें कसं करतात तें मला शिकावंसं वाटलं. इतकंच."

मला त्यावर उत्तर सुचलें नाहीं. पण मीं मत बदललें असेंहि नाहीं. ती गेली, आम्हीं तिला जाऊं दिलें, एवढेंच.

डिसेंबर २०२३ मध्यें नात्यांतल्या एका लग्नांत माझ्या शेजारीं बसलेल्या एका आप्तांनीं सहज विचारलें, "धाकटी काय करते हल्लीं?"

"मेडिकलला आहे," मी म्हणालों.

"वा! म्हणजे घरांत दोन डॉक्टर!"

मी हंसलों. हें हंसणें खोटें बोलण्याहून वाईट होतें. मागें वळून पाहतों तों धाकटी माझ्यासाठीं श्रीखंडाची वाटी घेऊन उभी. तिनें वाटी ठेवली आणि ती निघून गेली. रात्रीं रिक्षांत आम्ही दोघेंच होतों. लक्ष्मी रस्ता संपेपर्यंत ती बाहेर पाहत होती. मग माझ्याकडे न पाहतां म्हणाली, "थाळी मात्र मोठ्यानं वाजवली होतीत, अण्णा."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. वैराग्य उतरलें होतें खरें, पण तें तिचें नव्हे. आमच्या परातीचा, घंटेचा आणि टाळ्यांचा तो सारा गजर म्हणजे स्मशानांतली घटकाभराची गोष्ट होती, आणि चहा पिऊन झाल्यावर आम्ही सर्व जण विजेच्या बिलाकडे परतलों होतों. २०२० हें वर्ष जागतिक आरोग्य संघटनेनें साथ येण्यापूर्वींच परिचारिकांचें आणि सुइणींचें वर्ष म्हणून जाहीर केलेलें होतें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्या वर्षीं दोनशें वर्षें झालीं. हें मला त्या वर्षीं ठाऊक नव्हतें. मला ठाऊक होतें तें निराळेंच. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यांत नेलें, आणि १० मार्चला त्याच रोगानें त्या स्वतः गेल्या. हा पाठ शिकवितांना दर वर्षीं माझा कंठ दाटून येई. पण वर्गांत मीं त्यांना थोर समाजसेविका म्हटलें, आद्य शिक्षिका म्हटलें. प्लेगाच्या रोग्याची शुश्रूषा करणारी बाई हें त्यांचें वर्णन माझ्या तोंडीं कधीं आलें नाहीं. तो शब्द मला त्यांच्या मानानें लहान वाटत असावा.

मध्येंच एक गंमत घडली ती सांगून टाकतों. फेब्रुवारी २०२४ मध्यें जर्मनींतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं महाराष्ट्र सरकारनें करार केला. तिकडे पाठवावयाच्या दहा हजार कुशल माणसांत परिचारिकाहि आहेत, ही बातमी आली आणि चार दिवसांत त्याच आप्तांचा फोन. धाकटीचें खरें शिक्षण त्यांना कोठून तरी कळलें होतें. "अहो, मग त्या दिवशीं सांगितलं कां नाहींत? जर्मनी म्हणजे काय साधी गोष्ट आहे?" परिचारिकेचें काम पुण्यांत केलें तर हलकें आणि स्टुटगार्टमध्यें केलें तर प्रतिष्ठित, हा भूगोलहि न लिहितां येणाऱ्यांपैकींच दिसतो.

तिच्या वर्गांतल्या मुली साथीमुळें तेथें आल्या काय, असें मीं तिला एकदां विचारलें. ती म्हणाली, कांहीं जणी आल्या. एकीचे वडील २०२० मध्यें गेले. एकीला डॉक्टरकीचा प्रवेश मिळाला नाहीं. पुष्कळ जणी नोकरी नक्की मिळते म्हणून आल्या, आणि त्यांत कांहीं वाईट नाहीं. साथीविषयीं पहिल्या दिवशीं ज्या मुलीनें सर्वांत सुंदर भाषण केलें ती दुसऱ्या वर्षीं सोडून गेली. पण साथीच्या काळांत तात्पुरत्या कराराने घेतलेल्या कितीतरी परिचारिकांना साथ ओसरतांच घरीं पाठविलें गेलें, हें त्या सगळ्याजणी जाणून आहेत आणि तरीहि शिकत आहेत. थोरला आतां डॉक्टर झाला आहे. रात्रपाळींत पहिल्यांदां एकट्यावर कक्ष पडला तेव्हां औषधाचें प्रमाण त्यानें दुप्पट लिहिलें होतें, "डॉक्टर, पुन्हां एकदां पाहतां का?" एवढेंच म्हणून सिस्टरनें कागद परत केला. हें त्यानें आपण होऊन जेवतांना सांगितलें, धाकटीच्या देखत.

२०२४ च्या दिवाळींत ती घरीं आली. वहिनींचे गुडघे फार दुखत होते, म्हणून त्यांचें अंथरूण तिनें घातलें. चादरीची कडा उचलून गादीवर तिचा त्रिकोण केला, खालचें टोंक आंत खोंचलें, मग त्रिकोण खालीं सोडून तोहि खोंचला. चारी कोंपरे पत्राच्या पाकिटासारखे. मी दारांत उभा होतों तो तसाच उभा राहिलों. असे कोंपरे मीं पूर्वीं पाहिले होते.

माझ्या आजोबांना एक बहीण होती. तिला सारें घर आत्याबाई म्हणे. त्या १९६७ सालीं गेल्या तेव्हां मी चौदा वर्षांचा होतों. पांढरें लुगडें, कापलेलीं नखें, थंड तळहात. घरांत कोणाला ताप आला कीं त्यांचें राज्य सुरू होई: अंथरुणावर बसायचें नाहीं, खिडकी उघडा, पाणी उकळा. आणि त्यांच्या चादरीचे कोंपरे असेच असत. त्या कोण होत्या, असें विचारलें कीं उत्तर ठरलेलें: लहानपणीं विधवा झाल्या, सेवासदनांत होत्या. एवढ्यावर सारें संपे. रमाबाई रानडे यांनीं पुण्यांत १९०९ सालीं सेवासदन काढलें आणि थोड्याच वर्षांत तेथील बायकांना, त्यांतल्या कित्येक विधवांना, परिचर्या शिकण्यासाठीं ससून रुग्णालयांत पाठविण्यास आरंभ केला, हें मीं पुस्तकांत वाचलेलें होतें. तें माझ्या घराला कधीं जोडून पाहिलें नव्हतें. वडिलांनीं एकदां सांगितलेलें तेव्हां आठवलें: १९१८ सालीं मानमोडीची साथ आली, त्या पावसाळ्यानंतर आत्या तीन महिने घरीं आली नाहीं, आणि आली तेव्हां तिला माजघरांत घेतलें नाहीं, तिचें पान पडवींत वाढीत. त्या इन्फ्लुएंझानें हिंदुस्थानांत निदान १ कोटी २० लक्ष माणसें नेलीं. ती त्या तीन महिन्यांत कोठें होती, हें वडिलांनीं सांगितलें नाहीं, आणि मींहि विचारलें नाहीं. 'सेवासदनांत होत्या' आणि 'मेडिकलला आहे': शंभर वर्षांच्या अंतरानें आम्हीं एकाच घरांत एकच वाक्य दोनदां उच्चारलें होतें.

मीं तें धाकटीला सांगितलें. लग्नांतल्या त्या हंसण्याबद्दलहि बोललों. नीट बोलतां आलें नाहीं. ती अंथरुणाच्या कडेला बसूं लागली आणि एकदम उठून उभी राहिली. "रोग्याच्या अंथरुणावर बसायचं नसतं," ती म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "मी रोगी आहें होय? बैस."

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति निघत आहे आणि आमच्या शाखेची माहिती भरून देण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. छापील तक्ता आहे: नांव, जन्मतिथि, शिक्षण, व्यवसाय. थोरल्याच्या नांवापुढें वैद्य, असें लिहिलें. धाकटीच्या नांवापुढें परिचारिका, असें लिहिलें; वहिनींनीं चष्मा लावून तें वाचलें आणि शाई वाळेपर्यंत कागद मिटूं नका, एवढेंच म्हणाल्या. जुन्या आवृत्तींत आत्याबाईंची नोंद एका ओळीची आहे, ती दुरुस्त करावयाची म्हणून मीं निराळा कागद घेतला. व्यवसाय लिहून झाला. शिक्षणाचा रकाना मात्र अजून रिकामा आहे. त्यांनीं ससूनमध्यें तें कोणत्या सालीं पुरें केलें, हें सांगणारें आमच्या घरांत आतां कोणीहि उरलेलें नाहीं. जुन्या नोंदी कोठें असतील तर शोधून पाहतें, असें धाकटीनें कबूल केलें आहे.